रत्नोजींची बारा हजार मेंढरे

बावीस फेब्रुवारी, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. डिंगोऱ्यात आमच्या घरामागे मेंढ्या कोंडण्यासाठी जाळीचे कुंपण होते. त्याला आम्ही वाघर म्हणत असू. त्या वाघरात उभी राहून मी नुकत्याच जन्मलेल्या कोकराचे वजन करत होते. ताणकाट्याला आईच्या जुन्या लुगड्याची झोळी अडकवलेली, झोळीत कोकरू, आणि काटा ठरण्याची वाट पाहणारी मी. कोकरू ठरत नव्हते आणि मीही ठरत नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी मला पुण्याला निघायचे होते आणि त्याच्या पुढच्या सकाळी एका संशोधन संस्थेत माझी मुलाखत होती. बी.एस्सी. झाल्यापासूनचे सगळे महिने मी या एका सकाळच्या दिशेने ढकलत आणले होते. घरातल्या प्रत्येक गोष्टीचा मला कंटाळा आलेला होता, आणि तो कंटाळा मी मोजमापाने झाकत असे. कोणत्या मेंढीचे कोकरू किती वजनाचे, दुधाची चरवी कोणत्या महिन्यात किती भरते, पाऊस थांबल्यावर विहिरीचे पाणी कोणत्या पायरीला लागते. आई म्हणायची, “ही पोरगी सासरी गेली तर सासूला बी काट्यावर घालंल.” तिला यात चेष्टा आणि काळजी अशी दोन्ही अभिप्रेत असे.

आज मागे वळून पाहताना त्या घरातले आवाज मला आकड्यांपेक्षा जास्त स्पष्ट ऐकू येतात. पहाटे मेंढ्यांच्या अंगावरची लोकर एकमेकींना घासून होणारी खसखस, आईच्या बाजरीच्या भाकरीची परातीतली थाप, कुत्र्याचे जांभई देणे, आणि या सगळ्यांच्या तळाशी आण्णांचे न बोलणे. आण्णा, म्हणजे माझे वडील, दिवसभरात मोजके बोलत. एके काळी आमच्या घराण्याचा मोठा कळप होता. पावसाळा संपला की सगळे बिऱ्हाड घोड्यांवर लादून घाट उतरून कोकणात जायचे. माझ्या वेळेपर्यंत वीस-पंचवीस मेंढ्या, थोडी कांद्याची जमीन आणि आण्णांच्या अंगातली ती जुनी चाल एवढेच उरले होते. ते घरातून विहिरीपर्यंत जातानाही मुक्कामाला निघाल्यासारखे चालत.

त्या सकाळी मी तिसऱ्यांदा काट्याकडे पाहत असताना रस्त्यावरून भोंगा लावलेली जीप आली. दोन कोसांवरच्या गावात जत्रा होती आणि जीप जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमाची होती. “सायंकाळी सात वाजता, आपल्या तंबूत, जुना ऐतिहासिक खेळ, रत्नोजी. ज्यानं घोड्याचं लगीन लावलं, ज्यानं माशांना मोती चारलं, तो बारा हजार मेंढरांचा धनी रत्नोजी नाईक. मंडळी, हा पिक्चर यानंतर कुठंच दिसनार न्हाई. शेवटचा खेळ.” आवाज रफीकचाचांचा होता. जुन्नरचे हे गृहस्थ तरुणपणापासून जत्रांतून तंबू ठोकत आले होते आणि कोणताही खेळ शेवटचा असल्याचे सांगत आले होते, म्हणून मी लक्ष दिले नाही. पण आण्णांनी हातातली पाण्याची बादली खाली ठेवली. जीप वळणाआड गेली तरी ते त्या दिशेला पाहत राहिले.

“आज जाऊ आपन,” ते म्हणाले.

आई चुलीपुढून म्हणाली, “दारातली मेंढरं उपाशी ठिवून सिनेमातली मेंढरं बघायला निघालं बगा.”

“उद्या पुन्याला जायचंय हिला. आजच जाऊ,” आण्णा म्हणाले. आईने दुपारीच मासवडीचे सारण भाजायला घेतले, कारण जत्रेला रिकाम्या हाताने जायची तिची पद्धत नव्हती. तिळाच्या आणि खोबऱ्याच्या त्या वासात बसून मी मुलाखतीची तयारी केली, आणि अर्ध्या तासात चार वेळा घड्याळ पाहिले.

या आग्रहामागची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होती. ती जोडून सांगितली ते आण्णांनीच, त्या संध्याकाळी जत्रेच्या वाटेवर. आण्णांचा थोरला भाऊ सखाराम. मी जन्मण्याच्या कितीतरी आधी तो गेला, त्यामुळे माझ्यासाठी तो फक्त सखातात्या हे नाव होते. आण्णा सात-आठ वर्षांचे असताना आमचा कळप हिवाळ्यात तळेघरच्या बाजूच्या माळावर उतरला होता. आजोबा आणि सखातात्या कळपासोबत, बाकीचे घर डिंगोऱ्यात. त्याच माळावर सिनेमाची एक कंपनी आली होती, हत्ती घेऊन. कंपनीला मेंढ्या हव्या होत्या. सखातात्या घरी आला तेव्हा त्याच्या खिशात गुळाचा मोठा खडा होता आणि तो सांगत होता की आपल्याला सिनेमात घेतले आहे, हत्तीच्या शेजारी. पुढच्याच वर्षी कोकणात तापाने तो तीन दिवसांत गेला. तो सिनेमा, म्हणजेच रत्नोजी, नंतर आला. पुण्यात लागला तेव्हा कोणी पुण्याला जाणारे नव्हते. जत्रांतून फिरू लागला तेव्हा आण्णा कळपाबरोबर घाटाखाली असायचे. सखातात्याचा फोटो कोणीच काढला नव्हता. आमच्या घरात तेव्हा फोटो ही वस्तूच नव्हती.

“त्याची चाल ध्यानात हाय,” आण्णा म्हणाले. “काठी मानंमागं आडवी धरायची आनी तिच्यावर दोनी हात टाकून चालायचं. आवाज बी ध्यानात हाय. तोंड न्हाई. लई वरसं झाली, तोंड गेलं.”

हे वाक्य ते रस्त्याकडे पाहत बोलले. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि स्मृतीविषयी पुस्तकात जे वाचले होते ते त्यांना सांगू लागले: चेहरे आठवताना मेंदू काय करतो, प्रत्येक आठवण आधीच्या आठवणीची नक्कल कशी असते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “मंग सिनेमात बघितल्यावर येईल का परत?” मी म्हणाले, येईल. शास्त्र म्हणून हे उत्तर कच्चे होते. पण चालता चालता दुसरे कोणते देणार?

तंबूत मातीवर बसायचे असे. पुढे पुरुष, मागे दोरी लावून बायका, त्यांत आई आणि मी. बाहेर भेळेच्या गाड्यांचे कंदील, गोडी शेव तळल्याचा वास, आणि तंबूमागे जनरेटरची धडधड, जी संवादांपेक्षा मोठी होती. रत्नोजी सुरू झाला. पेशवाईतला एक सराफ. इतिहासाच्या पुस्तकांत त्याला दोन-चार ओळी मिळाल्या असतील, पण पडद्यावर त्याला अडीच तास मिळाले होते. तो रोज नवे पागोटे बांधायचा आणि संध्याकाळी ते नदीत सोडून द्यायचा. लाडक्या घोड्याच्या लग्नात त्याने अख्ख्या पेठेला तुपातले जेवण घातले. प्रतिस्पर्धी सावकाराने डिवचले तेव्हा नदीच्या घाटावर बसून माशांना मोती टाकले. नट जाड होता, देखणा होता, आणि प्रत्येक वाक्याआधी मिशीवरून बोट फिरवत होता. लोक शिट्ट्या मारत होते. चित्रावर सतत पाऊस पडल्यासारख्या रेघा दिसत होत्या, इतकी ती रिळे झिजलेली होती. मग रत्नोजीने दरबारात पैज लावली: “माझी बारा हजार मेंढरं तुमच्या डोळ्यांसमोरून खंडोबाच्या चरणी जातील. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मोजत बसा.” आण्णा पुढे सरकून बसले.

पुढच्या दृश्यात रत्नोजी मरायला टेकला होता.

आधी मला वाटले, माझेच काही पाहायचे राहिले. मग आण्णा उभे राहिले. आयुष्यात चार माणसांत आवाज न चढवलेला माणूस भर तंबूत उभा राहून विचारत होता, “मेंढरं कुठं गेली?”

“आण्णा, बसा खाली. मेंढरं घरी हायेत,” कोणीतरी म्हणाले आणि सगळा तंबू हसला. दुसरा म्हणाला, “वाघानं नेली, राव.” पुन्हा हसू. आण्णा हसले नाहीत आणि बसलेही नाहीत. मी दोरीखालून वाकून त्यांच्यापाशी गेले आणि त्यांना बाहेर, मागच्या ट्रककडे घेऊन गेले. ट्रकवर प्रोजेक्टर होता आणि प्रोजेक्टरपाशी रफीकचाचा. रेशमी झब्बा, बोटांत चांदीच्या अंगठ्या, मेंदीने लाल केलेले केस. मी मनात म्हटले, हा माणूस पडद्यावरच्या त्या सराफाचाच गरीब नातेवाईक दिसतो.

“नववं रीळ व्हय?” त्यांनी शांतपणे विचारले. “ते मी कधीच लावत न्हाई, पावणं. धा मिन्टं निस्ती मेंढरं चालत्यात. लोक भाईर भेळ खायाला जात्यात ते परत येत न्हाईत. आनी तुमच्या गावात मेंढरं बघायला तिकीट कोन काढनार? माझ्या वडलांपासनं असंच हाय. ते रीळ डब्यातनं भाईर आलंच न्हाई कवा.”

“तेवढंच बघायचं व्हतं,” आण्णा म्हणाले.

“ते इथं न्हाईच. घरी हाय जुन्नरला. उगं वझं कशाला वागवायचं?” मग त्यांनी आण्णांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि आवाज उतरवला. “उद्या सकाळी या. पन सकाळीच. दुपारी पुन्याचा मानूस येतोय. सगळी रिळं वजनावर चाललीत. धुऊन चांदी काढत्यात त्यातली. भोंग्यावर बोललो ते खरंच बोललो यावेळी, शेवटचा खेळ.”

माझी बस जुन्नरच्या स्टँडवरून बाराला होती. मी लगेच हिशेब मांडला: मुलाखतीची पिशवी बरोबर घेऊन निघायचे, तासाभरात रीळ पाहायचे, थेट बस पकडायची. आण्णांना मी हेच सांगितले आणि ते हो म्हणाले. त्या वयात मला प्रत्येक गोष्ट तासाभरात बसवता येत असे. आता माझ्या प्रयोगशाळेत नवे विद्यार्थी येतात तेव्हा त्यांच्या पायांची ती टेबलाखालची थरथर मी ओळखते, आणि त्यांना थांबा म्हणून सांगण्याचा मोह आवरते. थांबल्याने ती जात नाही.

रफीकचाचांचे घर कागदवाल्यांच्या आळीत होते. त्यांच्या घराण्यात पूर्वी हाताने कागद बनवत. लगद्याचा हौद अंगणात अजून होता, त्यात आता कोथिंबीर लावलेली होती. चाचींनी आम्हाला चहा आणि खारी दिली. वरच्या खोलीत शिरताच आंबट वास नाकात शिरला, लोणच्याची बरणी फुटल्यासारखा. जुनी फिल्म कुजताना व्हिनेगरचे आम्ल सोडते हे मला वाचून माहीत होते, वास पहिल्यांदाच आला. भिंतीशी पत्र्याचे डबे एकावर एक रचलेले. मधे लांबट टेबल, त्याच्या दोन टोकांना हाताने फिरवायच्या दोन चकत्या, आणि मधोमध दुधी काच, खालून दिवा लावलेली.

“प्रोजेक्टर कुठंय?” मी विचारले.

“ट्रक पहाटंच घोडेगावच्या बाजूला गेला. परवा तिकडं जत्रा. आता हे असंच बघायचं. एकेक चौकट, भिंगातनं.” त्यांनी आण्णांच्या हातात घड्याळजीसारखे भिंग दिले. “चालनार न्हाईत ती. उभी दिसतील.”

नववे रीळ डब्यातून निघाले तेव्हा मी आश्चर्याने त्याच्या कडेवरून बोट फिरवले. बाकीच्या रिळांवर ओरखडेच ओरखडे होते; या रिळावर एक रेघही नव्हती. कंटाळवाणे म्हणून कोणी ते लावले नव्हते, आणि लावले नव्हते म्हणून ते राहिले होते. रफीकचाचा एका बाजूची मूठ सावकाश फिरवू लागले. काचेवरून बोटाच्या दोन पेरांएवढ्या चौकटी सरकू लागल्या: माळ, मध्ये एक मोठा खडक, खडकापाशी हत्ती, हत्तीवर अंबारीत मिशी कुरवाळणारा रत्नोजी, आणि त्याच्यासमोरून, मागून, चौकटीच्या या काठापासून त्या काठापर्यंत मेंढ्या.

आण्णा भिंगावर वाकले. मग म्हणाले, “ही कानतुटी.” थोड्या वेळाने, “ही काळी-पांढरी बांडी. हिची आई बी बांडीच व्हती. ह्यो एडका मला मारायचा.” ते भावाला शोधायला आले होते आणि आधी त्यांना मेंढ्याच भेटल्या. पन्नास वर्षांपूर्वीच्या, नखाएवढ्या मेंढ्यांना ते वाटेत सोयरे भेटावेत तशी नावाने हाक मारत होते. रफीकचाचा मूठ फिरवायचे थांबून माझ्याकडे पाहू लागले.

“ही परत कानतुटी,” आण्णा म्हणाले.

“एकाच कळपात दोन नसतील?” मी विचारले.

“डावा कान लांडग्यानं नेला व्हता तिचा. दोन कशा असतील?”

मी भिंग त्यांच्याकडून जवळजवळ ओढूनच घेतले. मुलाखतीत मी ज्या विषयावर बोलणार होते तो हाच होता. रानातल्या जनावरांची संख्या काढायची तर काही जनावरांवर खूण करून सोडायचे आणि पुन्हा पाहताना खुणेची किती दिसतात ते बघायचे. तीच तीच दिसू लागली की समजायचे, कळप छोटा आहे. इथे खूण लांडग्याने केली होती. रत्नोजींची बारा हजार मेंढरे म्हणजे आमच्या आजोबांचा कळप होता, खडकामागच्या टेकाडाला वळसा घालून पुन्हा पुन्हा त्याच हत्तीसमोरून हाकलेला. मग मी धनगरांकडे पाहिले. प्रत्येक तुकडीबरोबर एक धनगर पाठमोरा चालत होता. एकाचे पागोटे गडद, दुसऱ्याचे फिके, तिसऱ्याच्या अंगावर घोंगडी, चौथा उघडा. पण त्यांतला प्रत्येक जण त्या खडकापुढून जाताना त्याचे डोके खडकातल्या एकाच आडव्या भेगेशी येत होते. आणि प्रत्येकाच्या मानेमागे काठी आडवी होती, तिच्यावर दोन्ही हात टाकलेले.

“आण्णा,” मी म्हणाले, “हे सगळे सखातात्याच आहेत.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी घाईघाईने, फळ्यासमोर उभी असल्यासारखी, पुढचे सांगितले. मेंढ्या त्याच असतील तर माणूसही तोच. पागोटे बदलून कंपनीने एकाचे अनेक केले. आणि म्हणूनच तो सगळीकडे पाठमोरा आहे. चेहरा दिसला असता तर प्रेक्षकांनी ओळखला असता. त्याला मागे वळू नको असे सांगितलेले असणार. “चेहरा सापडणार नाही,” मी म्हणाले. “चेहरा दिसू नये अशीच सगळी रचना आहे.”

निष्कर्ष बरोबर होता याचा मला आनंद झाला होता, आणि तो लपवायचे मला सुचले नव्हते. रफीकचाचा म्हणाले, “बाई, रिपोर्ट दिल्यासारखं सांगितलंस की.” आण्णांनी भिंग परत मागितले. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता. माझा पाय टेबलाखाली हलत होता, घड्याळात सव्वाअकरा झाले होते, आणि स्टँड तिथून दहा मिनिटांवर होता.

“फिरवा,” आण्णा म्हणाले. रीळ पुढे सरकले. “ही लंगडी बगा. पाय मोडल्याला तिचा, झाडपाला बांधून बसवला व्हता. हिला इतकं चालवायची न्हाई. दादानं चालवली कशी हिला?” दादा म्हणजे सखातात्या, भावाला ते दादा म्हणत, हे मला त्या दिवशी कळले. “हितं बग, मधी चालती. आन् हितं पार मागं. हितं परत मधी.”

“परत मध्ये कशी येईल?” मी विचारले आणि विचारतानाच थांबले. दमलेली मेंढी प्रत्येक फेऱ्याला मागेच पडत जाणार. ती मागे जाऊन पुन्हा मध्ये दिसत असेल, तर चित्रपटातला क्रम हा त्या दिवसाचा क्रम नव्हे. कापून जोडताना तुकडे हवे तसे मागेपुढे लावलेले असणार. मी सावल्या पाहिल्या. एका तुकडीत खडकाची सावली आखूड, दुसऱ्या तुकडीत बरीच लांब, तिसरीत पुन्हा आखूड. मी रफीकचाचांना रीळ सुरुवातीला न्यायला सांगितले. मग मी प्रत्येक तुकडीतली सावली सांगत गेले आणि आण्णा लंगडी कुठे आहे ते. दोन्ही उत्तरे जुळत होती: सावली जितकी लांब, तितकी लंगडी मागे. ते जुळणे पाहताना आण्णा पहिल्यांदाच ताठ बसले.

“मंग शेवटच्या फेऱ्याला ती बसली असंल,” ते म्हणाले. “मेंढरू बसलं की धनगर वळतोच. कंपनी काय बी म्हनू दे.”

सर्वांत लांब सावलीची तुकडी रिळाच्या मध्यावर होती. ती आम्ही एकदा पाहून पुढे गेलो होतो, आणि का पुढे गेलो ते आता दिसले. त्या तुकडीत रत्नोजी अगदी जवळून दिसत होता. हत्ती चौकटभर, वर तो दोन्ही हातांनी मोती उधळतो आहे, उन्हात मोती चमकताहेत, मिशी चमकते आहे. चित्रपट कापून जोडणाऱ्याची नजर तिथेच राहिली असणार, जशी आमची राहिली. मेंढ्या पार मागे, हत्तीच्या पायांमधल्या फटीत. तुकडीच्या शेवटाला, तिथली पाठमोरी आकृती काठी खाली घेत होती.

“हळू,” मी म्हणाले.

रफीकचाचांनी मूठ सोडली आणि चकती दोन बोटांनी धरून पुढे नेऊ लागले. काठी खाली. खांदा वळला. कान दिसला. मी बघितले नाही. भिंग आण्णांकडे होते आणि मी ते मागितले नाही. मी आण्णांच्या मानेकडे पाहत होते. ती हलली नाही.

मग ते म्हणाले, “हे तर पोर हाय.”

रफीकचाचांनी चकती तशीच धरून ठेवली.

“मला वाटायचं लई मोठा व्हता. मला खांद्यावर घिऊन वढा उतरायचा. बाप्या मानूस वाटायचा.” त्यांनी भिंग माझ्या हातात दिले. “बग की. मिशी बी फुटली न्हाई. पोर हाय गं ते.”

मी वाकले. हत्तीचा पाय खांबासारखा उभा, आणि त्याच्या कडेने वळून मागे बसलेल्या मेंढीकडे पाहणारा एक मुलगा, पंधरा-सोळा वर्षांचा, तोंड अर्धवट उघडे, तिला हाक मारताना पकडलेला. तो कोणासारखा दिसतो याचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. मला एवढेच दिसले की तो वैतागलेला आहे आणि त्याला घरी जायचे आहे. ते मला इतके ओळखीचे वाटले की मी भिंग लवकर खाली ठेवले.

रफीकचाचांनी खिडकीत ठेवलेली कात्री आणली. “न्या एवढा तुकडा. पुन्याच्या मानसाला काय, वजनात कळनार बी न्हाई. रत्नोजी असता तर अख्खं रीळ दिलं असतं हत्तीवर घालून. मी तुकडा देतो.” आण्णांनी त्यांचा हात धरला. त्यांना वाटले, कापले तर त्या पोराला लागेल की काय. निदान मला तसे वाटले. मग त्यांनीच हात सोडला आणि म्हणाले, “मेंढरू बी येऊ द्या बरुबर. एकला नगं.”

बाराला पाच कमी होते. बाराची गाडी आता मिळणार नव्हती. जीपने नारायणगावला जाऊन हायवेवर पुण्याची कोणतीही गाडी धरता आली असती, म्हणजे अंधार पडण्याआधी पुणे. हा हिशेब डोक्यात आपोआप झाला आणि मी जागेवरून उठले नाही.

“बाई,” आण्णांनी विचारले, “काल ह्यांनी ते रीळ लावलं असतं, तर किती येळ दिसला असता ह्यो?”

मी सांगितले की पडद्यावर एका सेकंदात चोवीस चौकटी जातात. त्याचा चेहरा जेवढ्या चौकटींत आहे तेवढ्या मोजाव्या लागतील. ते म्हणाले, मोज. मी पिशवीतून पेन काढले, कागद काढायला विसरले, आणि डाव्या हाताचे नख फिल्मच्या काठावर टेकवून मोजू लागले. पहिल्या चौकटीत नुसता गाल होता. तोही धरू का, असे मी विचारले. आण्णा म्हणाले, धर. पुढच्यात डोळा आला, मग दोन्ही डोळे, मग तोंड उघडू लागले. रफीकचाचा दिव्याच्या उजेडातून हात बाजूला घेऊन उभे होते. शेवटच्या चौकटीत तो पूर्ण आमच्याकडे वळलेला होता, आणि तिच्यापुढे ती तुकडी संपून आखूड सावलीची दुसरी तुकडी सुरू झाली होती. मी एकदा उलट बाजूनेही मोजले, आणि दोन्ही वेळा तेच आल्यावर आकडा तळहातावर लिहून हात आण्णांपुढे धरला.

अकरा.